ऐकावे काय, पाहावे काय?

‘गुरुजी, काही चांगले पाहण्यासारखे असेल तर सांगा,’ अशी विचारणा हल्ली मजकडे वरचेवर होऊ लागली आहे. ज्या माणसाने आयुष्याची तेहेतीस वर्षे मुलांकडून ‘देव’ शब्द चालवून घेण्यात आणि शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात घालविली, त्याच्याकडे आप्तेष्टांनी चित्रपटांची व गाण्यांची चौकशी करावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते. परंतु त्याचे कारण अगदी साधे आहे. निवृत्त माणसापाशी वेळ असतो, आणि आमच्या गावात तो वेळ सत्कारणी लावण्याची सोयही आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे माझ्या वयाच्या मंडळींच्या तोंडी अद्याप असलेल्या औरंगाबादेत, जानेवारीच्या थंडीत अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. 2025 साली त्याचे दहावे वर्ष साजरे झाले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणि बोधिसत्त्वाचे नाव ज्यास दिले आहे, तो तेथील सन्मान त्या वर्षी श्रीमती सई परांजपे यांस, आणि त्याच्या आदल्या वर्षी श्री. जावेद अख्तर यांस अर्पण झाला. निवृत्त झाल्यावर प्रथम पुतण्याच्या आग्रहास्तव मी तेथे गेलो. पुढे मात्र कोणाच्या आग्रहाची गरज उरली नाही. तेथेच मला कळून चुकले की, आपल्या मराठीत किती उत्तम चित्रपट निर्माण होतात आणि आपल्याच घरांना त्यांची वार्ताही नसते.

यात घरांचा दोष फार नाही. ज्या चित्रपटामागे पैसा आहे, त्याची जाहिरात चौकाचौकांतून आपल्या अंगावर येते. ज्या गाण्यामागे मोठी कंपनी आहे, ते लग्नाच्या वरातीत, रिक्षात व शेजाऱ्याच्या गच्चीवर आपोआप ऐकू येते. त्यांची शिफारस करण्याचे कारणच पडत नाही. शिफारस लागते ती ज्याला बाजारात कोणी वाली नाही अशा कृतीला. आपल्या साहित्यशास्त्रात ‘सहृदय’ असा एक फार सुंदर शब्द आहे. अभिनवगुप्तासारखे आचार्य म्हणतात की, काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला, तोच खरा रसिक. या सहृदयाचे आणखी एक कर्तव्य असावे, असे मला अलीकडे वाटते. आपल्याला जे आवडले, ते त्याने दुसऱ्याच्या कानावर घालावे. पुढील चार शब्द याच हेतूने लिहीत आहे.

आमच्या घरी आम्ही दोघे भाऊ, आमच्या गृहिणी, मुलेबाळे व सुना मिळून अकरा माणसे आहोत. काही वर्षांपूर्वी असे झाले की, रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे अकरा माणसे अकरा कोपऱ्यांत अकरा मोबाईल घेऊन बसत. घर एकत्र, पण हसणे निरनिराळे व रडणेही निरनिराळे! शेवटी आम्ही एक नियम केला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री सर्वांनी मधल्या खोलीत एकत्र बसावयाचे, सर्वांचे मोबाईल फुलांच्या परडीत ठेवावयाचे, आणि एक चित्रपट आरंभापासून शेवटापर्यंत पाहावयाचा. निवड एका महिन्यात वडील मंडळींची, दुसऱ्या महिन्यात मुलांची. दुसऱ्याच्या निवडीला मध्येच उठून जावयाचे नाही, एवढीच अट. ज्या घरांतून ही तक्रार आहे, त्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आरंभ कोणत्या चित्रपटाने करावा, असे कोणी विचारील तर मी श्री. सुजय डहाके यांचा 2023 सालचा ‘श्यामची आई’ सांगेन. आचार्य अत्रे यांच्या 1953 सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले होते. तो ज्यांच्या मनात घर करून आहे, त्यांस नवा पाहण्याची धास्ती वाटेल. मलाही वाटली होती. परंतु नव्या दिग्दर्शकाने रंगांचा मोह टाळून सर्व चित्र कृष्णधवल ठेविले आहे, आणि बंदिवासात बसून आईच्या आठवणी सांगणारे साने गुरुजीही त्यात आणिले आहेत. आजी व नातवंडे यांनी एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट आहे.

दुसरा, मुलांनी निवडलेला, श्री. आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’. हाही 2023 सालचाच. याची कथा श्री. परेश मोकाशी यांनी लिहिली आहे. शाळेतील एका मुलाचे आपल्या वर्गातील मुलीवर मन बसते. मुलगा दलित कुटुंबातला, मुलगी ब्राह्मणाघरची. एवढ्या सूत्रावर दिग्दर्शकाने त्या काळातील देशाचा इतिहास हसत हसत ओवला आहे. माझ्या वर्गातही शेजारी शेजारी बसणारी अशी मुले होती. माझे लक्ष त्यांच्या ऱ्हस्वदीर्घाकडे असे. त्यांच्या मनात काय चालले आहे, इकडे मी कधी पाहिले नाही. आम्ही सर्वजण पोटभर हसलो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण कोणाकोणाला हसलो, याचा मी विचार करीत राहिलो. पहिल्या चित्रपटाला 2023 सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून, आणि श्री. बेंडे यांस पदार्पणातील दिग्दर्शनाबद्दल, असे दोन्ही राष्ट्रीय सन्मान 2025 च्या ऑगस्टात एकाच वेळी जाहीर झाले.

आता ज्या चित्रपटाविषयी सांगावयास मी मुख्यतः लेखणी उचलली, त्याकडे वळतो. त्याचे नाव ‘स्थळ’. दिग्दर्शक श्री. जयंत दिगंबर सोमलकर. 2023 साली कॅनडातील टोरोंटो येथील महोत्सवात त्याला नेटपॅक नावाचे पारितोषिक मिळाले, आणि 7 मार्च 2025 रोजी तो आपल्याकडील चित्रपटगृहांतून प्रदर्शित झाला. मी प्रथम पाहिला तेव्हा प्रेक्षागारात मोजून चौदा माणसे होती. पुढे तो घरी पाहण्याची सोय झाली, तेव्हा माझ्या पाळीच्या शनिवारी मी तो सर्वांस दाखविला.

कथा विदर्भातील डोंगरगावची. भूमिका करणारी बहुतेक माणसे त्याच परिसरातील साधी गावकरी आहेत. कापूस पिकविणाऱ्या एका शेतकऱ्याची मुलगी सविता महाविद्यालयात समाजशास्त्र शिकते आणि स्पर्धापरीक्षेची तयारी करते. घरच्यांस मात्र तिच्या लग्नाची घाई आहे. स्थळे येतात. पुरुषमंडळी ओळीने बसतात. मुलगी डोक्यावर पदर घेऊन येते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची, अशी त्याच प्रश्नांची तीच माळ पुन्हा पुन्हा ओढली जाते. दिग्दर्शक कोठेही आक्रोश करीत नाही, उपदेशही करीत नाही; तो केवळ तोच प्रसंग पुन्हा दाखवितो, आणि त्या पुनरावृत्तीनेच आपले काळीज कुरतडू लागते. आरंभी तर त्याने एक गमतीचे स्वप्न घातले आहे. त्यात स्त्रिया ओळीने बसल्या आहेत आणि मुलाला प्रश्न विचारीत आहेत. लोक तेथे हसतात. ते हसू पुढे हळूहळू घशात अडकते.

चित्रपट संपला. दिवा लागला. नेहमीप्रमाणे कोणी परडीकडे धावले नाही. माझी पुतणी सत्तावीस वर्षांची आहे, येथेच एका कार्यालयात नोकरी करते, आणि पुढच्याच रविवारी तिला पाहण्यास नाशिकहून मंडळी यावयाची होती. ती आपल्या आईस सहज म्हणाली, ‘आई, तुला काय विचारलं होतं गं?’

माझी भावजय 1992 साली या घरात आली. तिला पाहण्यास वडील बंधू या नात्याने मीच पुढे झालो होतो. ती क्षणभर थांबली, आणि मुलीकडे न पाहता मजकडे पाहून म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही मला पंधरावा अध्याय म्हणायला लावला होता. सातव्या श्लोकाला अडखळले, तर म्हणालात, पुन्हा पहिल्यापासून म्हणा.’

तिच्या स्वरात राग नव्हता. कित्येक वर्षे कपाटाच्या तळाशी ठेविलेली वस्तू सहज काढून दाखवावी, तसे ते बोलणे होते. मला तो प्रसंग स्पष्ट आठवला. मात्र माझ्या आठवणीत तो निराळा होता. मुलीचे उच्चार चांगले आहेत, असे मत घरी येऊन मीच मोठ्या गौरवाने दिले होते, आणि त्या गौरवात मी इतकी वर्षे सुखाने नांदत होतो. अधिक लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या स्वतःच्या बहिणीला सात वेळा दाखविले होते. पोह्यांच्या बशा मीच नेऊन ठेवीत असे. पाचव्या नकारानंतर ती माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली मी पाहिली होती. असे असताही, पाटाच्या दुसऱ्या बाजूला बसण्याची पाळी येताच मी परीक्षक झालो!

‘आणि आईला काही विचारता आलं का, काका?’ पुतणीने पुढे विचारले. यावर मी काय उत्तर देणार? उत्तर सर्वांसच ठाऊक होते.

पुढच्या रविवारचा कार्यक्रम तसा झाला नाही. पुतणीने स्वतःच त्या मुलाशी दूरध्वनीवर बोलणे केले, दोघे बाहेर एकदा भेटली, दोघांनीही एकमेकांस जे विचारावयाचे ते विचारले, आणि मगच वडीलधारी मंडळी चहाला बसली. ते स्थळ जुळले नाही. नकार आमच्या मुलीचा होता, आणि तो सौम्य शब्दांत कळविण्याचे काम माझ्याकडे आले. मुलाकडील मंडळी समंजस. त्यांनी राग धरिला नाही. ज्या घरांतून लग्नाच्या मुली अथवा मुले आहेत, त्यांनी हा चित्रपट, मंडळी यावयाच्या आधी, सर्वांनी मिळून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

श्री. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटावर घरी मतभेद झाला, हे प्रांजळपणे नमूद करितो. 2025 साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांसाठी असलेले प्रमुख पारितोषिक त्याने मिळविले. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, त्याची आई, आणि लहानपणाच्या मित्राशी त्याचा जडलेला स्नेह, असा विषय आहे. दोन पुरुषांमधील प्रेम हा विषय माझ्या पिढीस अपरिचित. माझी पत्नी अर्धी वेळ अवघडून बसली होती. परंतु त्यातील आई तिला फार आवडली. आपले मूल जसे आहे तसे ओळखणारी ती माउली आहे. लहान मुले निजल्यावर मोठ्यांनी तो पाहावा व आपले मत आपणच बनवावे.

चित्रपटांकडून संगीताकडे नेणारा एक पूल आहे. त्याचे नाव ‘द डिसायपल’. नाव इंग्रजी असले तरी चित्रपट मराठी आहे. श्री. चैतन्य ताम्हाणे यांच्या या कृतीला 2020 साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि 2021 पासून नेटफ्लिक्सवर तो घरबसल्या पाहता येऊ लागला. शरद नेरुळकर नावाचा तरुण अभिजात गायक व्हावयाचे ठरवितो, गुरूची मनोभावे सेवा करितो, रियाज करितो. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालविताना तो ‘माई’ नामक एका थोर गायिकेची भाषणे कानात ऐकत असतो. त्या माईंचा केवळ आवाजच आपल्याला भेटतो. तो दिला आहे सुमित्रा भावे यांनी. शिष्य झालेले श्री. आदित्य मोडक आणि गुरू झालेले पं. अरुण द्रविड, दोघेही प्रत्यक्षात गायकच, त्यामुळे गाण्यात कोठे खोटेपणा नाही.

इतर चित्रपटांतून अशा कष्टाचे फळ शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात मिळते. येथे मिळत नाही. निष्ठा असूनही प्रतिभा बेताची असू शकते, हे कटू सत्य दिग्दर्शक मोठ्या करुणेने सांगतो. पाठशाळेत असताना सिद्धान्तकौमुदी मुखोद्गत करून शास्त्री व्हावे, अशी माझीही आस होती. कारकप्रकरणापुढे माझी मजल गेली नाही, आणि मी शाळामास्तर झालो. म्हणून की काय, हा चित्रपट पाहताना मी एकटाच रडलो. मुलांस तो जरा संथ वाटला. चाळिशी ओलांडलेल्यांस तो विशेष कळेल.

आता संगीत. मुले ज्यास ‘इंडिपेंडंट’ म्हणतात, ते स्वतंत्र संगीत म्हणजे काय, हे मला नातवाने समजावून दिले. जे गाणे चित्रपटासाठी रचलेले नाही, कोणा कंपनीच्या हुकुमावरून केलेले नाही, गाणाऱ्याने स्वतःच्या हिमतीवर करून यूट्यूबसारख्या ठिकाणी लोकांपुढे ठेविले, ते स्वतंत्र. मी म्हटले, मग आमचे संत या व्याख्येत आधी बसतील! येथून काही कोसांवर असलेल्या पैठणात नाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडे रचिली, ती कोणाच्या हुकुमावरून? बाजारहाटातील जोशी, गोंधळी, वासुदेव यांची सोंगे व त्यांच्या चाली घेऊन त्यांनी अध्यात्म सांगितले. त्या काळच्या विद्वानांस तेही रुचले नव्हते.

हे स्मरून मी नातवाच्या आग्रहाने ‘अभंग रिपोस्ट’ हे मुंबईच्या तरुणांचे वाद्यवृंद ऐकिले. संतांचे अभंग, आणि साथीला गिटार व ड्रम! पहिला अभंग ऐकताना मी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्याला आठ्या सैल झाल्या. तिसऱ्या वेळी माझे बोट मांडीवर ठेका धरीत असल्याचे नातवाने सर्वांस दाखविले. शब्द शाबूत आहेत, उच्चार स्पष्ट आहेत, आणि गाणारांस अर्थाची चाड आहे. वाद्य कोणते, हा प्रश्न मग गौण ठरतो.

‘स्वदेसी’ या मुंबईच्या मंडळाचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे 2019 सालचे गाणे मात्र माझ्या कानास अद्याप कठीण जाते. आरे येथील आदिवासी कार्यकर्ते श्री. प्रकाश भोईर यांच्यासह केलेले हे गाणे म्हणजे झपाट्याने बोललेली, तालावर फेकलेली वाक्ये. मुले त्यास रॅप म्हणतात. पण पोवाड्यातही शाहीर असाच बोलतो ना? जंगल व जमीन यांच्यासाठी झगडणाऱ्या माणसाचे ते गाऱ्हाणे आहे, आणि त्यात खोट नाही. वडील मंडळींनी शब्द समजावून घेऊन एकदा तरी ऐकावे.

परंतु सर्वांत स्वतंत्र संगीत मला सापडले ते जात्याचे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या 1 लाखाच्या वर आहे. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. शब्द वाचता येतात, आणि बायकांचे मूळ आवाज ऐकताही येतात. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या त्यात आहेत. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. तो एकदा कानी पडला म्हणजे विसरता येत नाही. सीतेचा वनवास हा तर या ओव्यांचा नेहमीचा विषय. उत्तररामचरित मी आयुष्यभर वाचले, भवभूतीचा करुण रस वर्गात शिकविला. पण त्यात सीतेचे दुःख एक पुरुष सांगतो. जात्यावर ते बाई सांगते, आणि तिला रामाची भीड नसते.

या ओव्या मी एका दुपारी ओसरीवर लावून बसलो होतो. भावजय गहू निवडीत होती. थोड्या वेळाने मोबाईलमधील आवाजाच्या मागोमाग दुसरा एक हलका आवाज येऊ लागला. मी मोबाईल बंद केला. ती तशीच गात राहिली. एकामागून एक सात-आठ ओव्या म्हणून झाल्यावर माझे लक्ष आहे हे तिच्या ध्यानी आले, आणि ती थबकली. ‘आजीच्या मांडीवर झोपून ऐकल्या होत्या,’ ती म्हणाली. ‘तुम्ही लोकांनी विचारलं होतं, गाणं येतं का. मला भावगीत कुठं येत होतं? म्हणून नाही म्हटलं.’

तेहेतीस वर्षे हा आवाज आमच्या घरात होता. आम्ही तिला गीता विचारली. जे तिला येत होते ते विचारावयाचे मात्र राहून गेले.

आता आमच्या दुसऱ्या शनिवारी, चित्रपटाच्या आधी, परडीत मोबाईल ठेवून झाले की भावजय दोन ओव्या म्हणते. पुतणी त्या वहीत उतरवून घेते. आजवर एकतीस झाल्या आहेत. शुद्धलेखन मी तपासीत नाही.

तेव्हा वाचकहो, वर सांगितलेले चित्रपट पाहा, गाणी ऐका; न आवडल्यास मोकळेपणाने तसे म्हणा. परंतु दूरची गाणी शोधण्यापूर्वी एकदा आपल्याच माजघरात विचारून पाहा की, येथे कोणाला काय येते. उत्तर लगेच येणार नाही. थोडे थांबावे लागेल.